आवाज कमी केल्यावर

ता. १९, मंगळवार, दुपार

प्रिय ताईस,

नमस्कार. भावोजींनाही, माझं नाव निघालं की ते अजून पेपर तोंडासमोर धरत असले तरी. फोन तू उचलत नाहीस, त्यात तुझं काही चुकत नाही, म्हणून कागद घेतला. मी ठीक आहे. जेवतो, अंघोळही करतो.

खोली झकास मिळालीय, चष्म्याच्या दुकानावर. तुला माहीतच आहे, आजवर प्रत्येक घरातून मला गिटारनेच बाहेर काढलं. हा घरमालक मात्र पहिल्याच दिवशी म्हणाला, "वाजव की बिनधास्त! संध्याकाळी घर भरल्यासारखं वाटतं." मला वाटलं, देवच भेटला. खालचं दुकान त्याचंच. एकटा राहतो. वडील त्याच्या बहिणीकडे राहायला गेलेत म्हणे. शेजारची खोली कुलूपबंद, जुनं सामान.

पण माझ्या कानात सारखी शिट्टी वाजायला लागली. कानाच्या डॉक्टर म्हणाल्या, "आवाज कमी करा, नाहीतर चाळिशीत बायकोचं बोलणं ऐकू येणार नाही." मी म्हटलं, आधी ती मिळू तर द्या. असो.

अडचण अशी, की माझा अॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र, व्हॉल्व्हचा, जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या नळ्यांचा. त्या नळ्या दमल्याशिवाय गोड बोलत नाहीत, आणि त्या दमेपर्यंत अख्खी गल्ली हलते. आवाज उतरवला की सूर पाणचट. मग मी अॅम्प आणि स्पीकरच्या मधे एक डबा बसवला, आत जाडजूड रेझिस्टर. अॅम्प बिचारा जीव खाऊन ओरडतो, डबा ते ओरडणं गिळून तापत बसतो, आणि स्पीकरपर्यंत पोचते नुसती कुजबूज. पण खरी, भरदार. खर्ज जरासा वाढवायचा, कारण हळू आवाजात तो कानाला कमी लागतो. डबा इतका तापतो की त्यावर इस्त्री होईल. केली एकदा. कॉलर जळली.

तर मी कुजबुजीत वाजवायला लागलो आणि टकटक ऐकू आली.

वाटलं, एखादी नळी खराब झाली. अशी नळी शोधायला पेन्सिलीने टिचक्या मारतात. बिघडलेली असली की टिचकी स्पीकरमधून टक्क वाजते. मी एकेक ठोकत गेलो. शेवटच्या नळीवर दोनदा मारली. स्पीकर गप्प. भिंतीतून दोन टक्क आले.

अॅम्प बंद केला. भिंतीवरच तीनदा ठोकलं. तीन आले.

पुढचं लिहितोच. त्याआधी, तुझी निळी छत्री माझ्याकडे आहे, हरवली नाही. भावोजींवर उगाच आळ घेऊ नकोस.

भिंतीला कान लावला. म्हातारा आवाज, पण एकदम शुद्धीतला. "बाळ, आज ऐकू आलं का रे? तू रोज वाजवतोस, मग ओरडून काय उपयोग. मी तुझ्या मालकाचा बाप. घर नावावर करून देत नाही म्हणून कोंडलंय. पाणी संपलंय बघ."

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. मालक दारात.

"काय रे कलाकार, आज वाजत नाहीये?"

"वाजवत होतो. हळू."

"हळू? खोली काय ध्यानाला बसायला दिलीय?" हसला. मग भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "वाढव. मी उभा राहून ऐकतो."

ताई, मी डबा काढला आणि अॅम्प चालू केला. नळ्या तापेपर्यंत अर्धं मिनिट जातं. तेवढा वेळ टकटक दोघांनाही ऐकू येत होती, आणि दोघंही काही ऐकू न आल्यासारखे उभे होतो. मग मी आवाज वाढवला. पूर्ण गाणं वाजवलं. तो किल्ल्यांच्या जुडग्याने चौकटीवर ताल धरत होता.

हेच लिहायचं नव्हतं, म्हणून एवढं पाल्हाळ.

चौकीत गेलो होतो. साहेब म्हणाला, "म्हातारबुवा तर मुलीकडे असतात." त्याच संध्याकाळी मालक म्हणाला, "चौकीत काय काम काढलं होतंस रे?" आता तो रोज माझ्या दारात खुर्ची टाकून बसतो. काल तो खाली गेल्यावर मी भिंतीवर ठोकलं. बऱ्याच वेळाने एकच उत्तर आलं, तेही नखाने ओरखडल्यासारखं.

पिशवी भरून ठेवली होती. मी कसा आहे, तुला ठाऊक. पण मी गेलो तर तो दुसरा वाजवणारा शोधेल.

आज संध्याकाळी दुकानात माल यायचाय, तो उतरवून घेईपर्यंत त्याला वर येता येणार नाही. मी अॅम्पचा आवाज पूर्ण सोडणार आणि गिटार स्पीकरला टेकवून ठेवणार. तशी ठेवली की तार आपणहून घुमत राहते, हात लावावा लागत नाही. खाली त्याला वाटेल मी वाजवतोय. तेवढ्यात पलीकडचं कुलूप फोडतो. एकच सूर त्याला किती वेळ गाणं वाटेल, ते मात्र सांगता येत नाही.

पत्र आधी पेटीत टाकून येतो. हे तुझ्या हातात पडेल तोवर मी त्या बाबांना घेऊन तुझ्या दारात आलेलो असेन. नसलो, तर पाकिटावरच्या पत्त्यावर ये. एकटी नको. भावोजींना घे, तुमच्याकडचे पोलीस घे. आणि जिन्यात गिटार ऐकू आली, तर मी ठीक आहे असं समजू नकोस.

या वेळी न पळालेला,
तुझा धाकटा