दोन जुने देऊन एक नवा

प्रिय भिकू,

आज दुपारी महाडच्या दुकानात दोन जुने मोबाईल देऊन एक नवा घेतला. एक माझा, एक तुझा. तुला न विचारता दिला, म्हणून हे पत्र. दुसरंही कारण आहे, पण ते लिहायला हात धजत नाही. थोडा धीर धर.

माझ्या अक्षराला हसू नकोस. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. तू चौथीत असताना तुझ्या पाटीवर गिरवलं, तेवढंच. 'ळ' जमेना तेव्हा केवढा ओरडायचास! "आक्के, ही जिलबी हाय की अक्षर?" मोठा आला होता मास्तर!

तुझा फोन नंदानेच दिला. तू कातळावर पडलास तेव्हा फुटला, तो पुन्हा सुरू झालाच नाही. "आत्या, बंद असला तरी घेतात म्हणं. आप्पांचा पण दे, नि चांगला घे. तुझं तोंड तरी दिसंल गो मला." अशी तुझी लेक.

माझा फोन मात्र वर्षभर कपाटात, लुगड्यांखाली होता. बिघडलाय, असं मी सगळ्यांना सांगत आले. दुकानातल्या बाईने चार्जर लावला आणि तो लगेच उजळला!

"आजी, हा तर ठणठणीत हाय."

माझा प्रकाश बघतच राहिला. "आये, तू तर म्हणालीस बिघडला म्हणून?"

"मला काय कळतंय त्यातलं!" म्हटलं. चोराच्या मनात चांदणं.

बिघडला नव्हता रे. त्यात तुझे तीन फोन होते.

आपली रीत तुला ठाऊकच. कुडपणात तुझ्या घरी रेंज नाही, म्हणून गुरं घेऊन परतताना तू कातळावर चढायचास, एक रिंग द्यायचास आणि तोडायचास. म्हणजे भाऊ सुखरूप. मी उचलायचा नाही, त्या रिंगीवर देवापुढे दिवा लावायचा. पुढे बोलणं स्वस्त झालं, तरी रीत सुटली नाही. कसली मेली काटकसर ही!

त्या दिवशी मी भाकरीची उकड मळत होते. फोन वाजला तो वाजतच राहिला. मला वाटलं, तोडायला विसरला गाढव. पिठाच्या बोटाने मीच कट केला. पुन्हा वाजला. "कळलं रे बाबा, पोचलास!" म्हणत पुन्हा कट केला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा फोन पालथा घातला आणि भाकरी थापायला घेतली. छान फुगली होती भाकरी.

नंतर कळलं, छातीत कळ येऊन तू तिथेच कोसळलास. मी उचलला असता तर? खालच्या वाडीतल्या दुकानात रेंज येते, नंबर होता माझ्याकडे. माणसं धावली असती. वाचला असतास की नाही, कोण सांगणार? पण एकट्याने तरी गेला नसतास.

तू तरी आधी कधी बोललास का रे, छातीत दुखतं म्हणून? जन्मभर नुसतं "बरा हाय, बरा हाय"!

तेराव्याला नंदाने विचारलं, "आत्या, आप्पांचा फोन आलता का गो तुला?" माझ्या तोंडून निघून गेलं, "नाय गो." तेवढ्या दोन शब्दांवर पोरगी काय काय रचून बसली आहे! त्या दिवशी सकाळी म्हातारी गाय विकण्यावरून तुमचं वाजलं होतं ना? तिला वाटतं, तू रागातच गेलास. अंधार पडला तरी ती बघायला आली नाही, रुसले असतील म्हणून. "जवळ फोन हुता, पण कुणाला हाक मारावीशी वाटली नाय त्यांना," म्हणते आणि ताटावरून उठते. दर भेटीत हेच, आणि मी समोर बसून जेवत राहते.

दुकानात बाई म्हणाली, "यातलं सगळं पुसायला लागंल. काय ठेवायचंय?"

"काय नाय," प्रकाश म्हणाला.

"मग आजी, बटण तुम्हीच दाबा. फोन तुमचा."

दाबलं. काच काळी झाली. आणि भिकू, खरं सांगते, मला हायसं वाटलं! भावाची शेवटची हाक पुसून बहिणीला हायसं वाटावं? कोण आहे मी?

नव्या फोनवरून प्रकाशने पहिला व्हिडिओ कॉल नंदाला लावला. तू पडलास त्याच कातळावर ती वाट बघत उभी होती. किती वाळली आहे रे! "आत्या, दिसलीस गो! बघ, आप्पांनी जाताजाता तुला फोन घेऊन दिला."

मी नुसती मान हलवली. ही फोनवर सांगायची गोष्ट नव्हे.

आता पुरावा उरला नाही. मी गप्प बसले तर कुणाला कधी कळणार नाही. याचीच मला भीती वाटते, भिकू. म्हणून उद्या सकाळच्या एसटीने पोलादपूर, तिथून मिळेल त्या गाडीने कुडपण. तिच्यासमोर बसून सांगणार, तुझा बाप रुसून गेला नाय गो, त्याने हाक मारली, मीच ऐकली नाय. तिने उंबऱ्याबाहेर काढलं तर अंगणात बसेन. आत्या म्हणणं सोडलं तरी सोडू दे. तिच्या डोक्यावरचं ओझं मात्र मी खाली उतरवणार. हे वचन.

तुझी क्षमा मागत नाही. आधी तिची मागू दे.

तुझी,
आक्का