उरलेल्या दोन गोण्या

३ मार्च
लागली बुवा नोकरी! पिशोर सोडलं, पडेगावात खोली घेतली. कंपनीच्या वीजघरात ऑपरेटर झालो. कोळशाचा धूर चिमणीत जायच्या आधी आमच्या टाकीतून जातो. टाकीत पांढरे दाणे, साबुदाण्याएवढे. ते धुरातला कार्बन वायू धरून ठेवतात. टाकी तापवली की सोडतात, मग तो आम्ही साठवतो. खिचडी टाकू का, असं विचारलं तर फोरमन साहेबराव लई हसले. दिलदार माणूस.

५ मार्च
गेटवर एक बाई रोज उन्हात बसते. पारूबाई. तिचा नवरा पुंडलिक महिन्यापूर्वी टाकीत दाणे भरायच्या कामावर आला, तो घरी गेलाच नाय. मॅनेजर प्रणय सर म्हणतात, दारुडा होता, पळाला असंल. पारूबाई म्हणते, थेंबाला शिवला नाय कधी. मी तिला चहा नेऊन दिला, तर वॉचमन माझ्यावरच खेकसला. डोकंच फिरलं माझं.

८ मार्च
गोदामात दाण्यांच्या दोन गोण्या उरलेल्या सापडल्या. टाकीला मोजून एकशेवीस लागतात. महिन्यापूर्वी ती एकशेअठरातच काठोकाठ भरली. दोन गोण्यांची जागा आत कशानं अडवली? एका माणसाएवढी जागा. जेवणाचा डबा तसाच परत आणला.

९ मार्च
साहेबरावांना धरलं. रडले. पुंडलिक आत उतरून दाणे सारखे करत होता. हवा नव्हती, कोसळला. सर म्हणाले, थांबू नका, भरा. पाहणीवाले यायचे होते ना! आन् ह्यांनी भरलं. च्यायला, आन् आम्ही रोज ती टाकी तापवतोय!

१० मार्च
पोलिसांत गेलो. पुरावा आणा म्हणे. पुरावा टाकीत आहे, साहेब!
टाकी तापली की आतून ठोके येतात. पत्रा फुगतो, म्हणतात. पत्रा असा थांबून थांबून ठोकतो व्हय?

११ मार्च, दुपार
टाकी आज थंड. वही खिशात घालून शिडीनं वर चढलो. झाकण काढलं. दाणे उपसले, कोपरापर्यंत — बोटं लागली. खारकेसारखी सुकलेली. दाण्यांनी सगळं पाणी पिलंय त्याचं —

खाली सर ओरडतायत. उतर म्हणे. साहेबराव मागं सरकले.

सरांनी शिडी काढली. हरामखोर —

साठवलेला वायू खालून टाकीत सोडलाय. वर येतोय. डोकं जड —

पारूबाईला बोलवा. तिला दाखवा. डाव्या हातानं धरलाय मी त्याला. ती आल्याबिगर हा हात सोडणार ना—