चार सह्या

४ जानेवारी, सकाळी
आजपासून मी सोशल इन्व्हेस्टर. रिटायर झाल्यावर माणसाने पेपर वाचत दिवस ढकलू नयेत, हे ठरवलंच होतं. कॉफी पिकवणाऱ्यांच्या सहकारी संस्थेत सगळी शिल्लक घातली. संस्था शेतकऱ्याला रास्त भाव देते आणि गरजू सभासदांना छोटी कर्जं. ब्रोशरवर एक बाई हसते आहे. त्या हसण्यात आता माझाही वाटा.
तीन वर्षं पैसे काढता येत नाहीत. शिस्तीच्या दृष्टीने उत्तम.
हिला सांगायचं राहिलं. योग्य वेळ बघून सांगेन. ब्रोशर तूर्त गादीखाली.

११ जानेवारी
संस्थेच्या इथल्या कचेरीत गेलो. छापखान्यामागे दोन खोल्या. एकीत कॉफीची पोती, दुसरीत सतरंजी. तिथे पोती मोजणाऱ्या बायकांना स्वावलंबनावर चार शब्द सांगितले. पंचवीस मिनिटं. सगळ्या काम थांबवून ऐकत होत्या. शेवटी सचिवबाई म्हणाल्या, काका, जरा बाजूला होता का, तुम्ही वजनकाट्यावर उभे आहात.
एक किलो कॉफी विकत घेतली.

१३ जानेवारी
कॉफीने ॲसिडिटी झाली. तत्त्वासाठी पितोय. हिने पहिल्या घोटानंतर स्वतःपुरता चहा टाकला.
कॉफीच्या कापडी पिशवीची शिलाई मात्र पार वाकडी. हा असला माल परदेशी पाठवणार? संस्थेला दोन पानी पत्र लिहिलं. शिवणाऱ्या व्यक्तीला समज द्यावी, वेळ पडल्यास बदलावी. भाषा कडक, पण आत आपुलकी आहे. लिहिताना शेजारच्या खोलीत हिच्या मशिनची खडखड चालू, दोनदा विचार तुटला. पडदे शिवते म्हणे. सहा वर्षं पडदेच शिवतेय. आमच्या घरात खिडक्या तीन.

२ फेब्रुवारी
डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. हिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पूर्ण पिकलाय, डाव्यानेही अंधुकच दिसतं. महिन्याभरात ऑपरेशन करा, नाहीतर अवघड होऊन बसेल, असं म्हणाले. पैशांची सोय आहे ना, असंही विचारलं. मी म्हटलं, आहे. हिने माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझ्या दिशेने बघितलं.
पोटात खड्डा पडला. ॲसिडिटीच असणार.

५ फेब्रुवारी
सचिवबाईंना म्हटलं, थोडे पैसे परत हवेत. तीन वर्षं, म्हणाल्या. मी कोण आहे याची आठवण करून दिली. त्यावर म्हणाल्या, काका, तुमच्या पैशांची रोपं लागलीत शेतात, उपटून आणू का?
मग मार्गही त्यांनीच सांगितला. सभासद व्हा, कर्ज घ्या. तारण नको, पाच जणांचा गट लागतो. एकाने बुडवलं तर बाकीच्या चौघांनी भरायचं. तुम्हाला नीट ओळखणाऱ्या चार माणसांच्या सह्या आणा, बस्स.
चार? माझ्यासाठी चाळीस उभी राहतील.

७ फेब्रुवारी
मेहुण्याकडे गेलो. म्हणाला, भाऊजी, जीव मागा, देतो. सही मागू नका. किती हा जिव्हाळा! चाळिसातून एक वजा.

९ फेब्रुवारी
शेजारचे हेडमास्तर म्हणाले, तीस वर्षं प्रगतिपुस्तकांवर सह्या केल्या, आता मनगट साथ देत नाही. (संध्याकाळी बॅडमिंटन खेळताना दिसले. डाव्या हाताने असेल.)
ऑफिसातल्या मित्राचा फोन दिवसभर बिझी. कामाचा माणूस.
लेकीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, आईच्या डोळ्यांसाठी ठेवलेले पैसे कुठे गेले ते आधी सांगा. तेवढ्यात रेंज गेली. मीच घालवली.

१४ फेब्रुवारी
हिने भाजी चिरताना बोट कापून घेतलं. म्हणाली, दिवा लावा हो जरा. भर दुपारचे बारा वाजले होते. खिडकी सताड उघडी. मी दिवा लावला.
उद्या सगळं सांगणार. नक्की.

१५ फेब्रुवारी
सांगितलं नाही. मी गेलो तेव्हा ही झोपली होती. ही उठली तेव्हा मी झोपलो होतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार
सचिवबाईंचे पाय धरायचे ठरवून कचेरीत गेलो. सतरंजीवर पाचजणी बसल्या होत्या. मधे ही.
दर गुरुवारी फिरायला जाते म्हणून सांगायची. सहा वर्षं इथेच येते. पडदे नव्हते, कॉफीच्या पिशव्या होत्या. भाजीवाली, पॅकिंगच्या दोघी आणि छापखान्यातली बाई, हा हिचा गट. हिच्या कर्जाला चौघींच्या सह्या दहा मिनिटांत झाल्या होत्या. आधी कोण करणार यावरून भांडण झालं, तेवढाच वेळ गेला म्हणे. ऑपरेशनची तारीखसुद्धा ठरलेली.
माझं पत्र मागच्या महिन्यात मीटिंगमध्ये मोठ्याने वाचलं गेलं. ही समोर बसून ऐकत होती. त्यावर ठरावही झाला: बाई बदलायची नाही, बाईचे डोळे बदलायचे.
तिचा फॉर्म तिथेच होता. ‘घरात कोणी जामीन राहू शकेल का?’ समोर ‘नाही’. अक्षर तिचं. ओळ सोडून खाली घसरलेलं, तरी वाचता येत होतं.
लाज वाटली. या वेळी ॲसिडिटीचं नाव घेता येईना.
घरी येताना तिचा हात धरला. म्हणाली, ते ब्रोशर गादीखालून काढा आता. माझे डोळे अधू आहेत, पाठ नाही.

२ मार्च
ऑपरेशन नीट झालं. पट्टी काढल्यावर तिने मला बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाली, बरेच उतरलात की हो.
महिनाभर तिला मशिनवर बसायची बंदी. वाकड्या शिलाईच्या पिशव्या संस्थेने घरी पाठवल्या आहेत, उसवायला. ते काम माझ्याकडे आलंय. आज तीन उसवल्या, चौथी फाडली.
उसवता उसवता विचारलं, मला कधी लागली तर करशील सही? ती म्हणाली, सहा महिने नीट उसवा. मग गटाला विचारून सांगते.
नाही म्हणाली नाही.