तेजोनिधी बदलला, असे समजते

३ नोव्हेंबर, सोमवार
सुनीलचा फोन. माझ्या ‘वज्रपुत्र तेजोनिधी’ मालिकेचा प्रकाशक. ग्रीक देवांच्या राजाचा मुलगा इंदिरानगरात वाढतो, बोगद्यातल्या एकडोळ्या राक्षसाला लोळवतो वगैरे. चार भाग निघाले. पाचव्याला सुनील अडून बसलाय. म्हणे, दादा, पोरगा बाराचा सोळा झाला, अक्कल तेवढीच. कॅरेक्टर ग्रोथ कुठंय? म्हटलं, आपल्या शास्त्रात धीरोदात्त नायक पहिल्या अंकातच पूर्ण असतो. वाढायला तो काय दुधीभोपळा आहे? सुनील म्हणाला, मग शास्त्रालाच सांगा पुस्तकं विकत घ्यायला.

अट: २८ तारखेला एका शाळेत नववीच्या वर्गापुढे शेवटची प्रकरणं वाचायची. पोरांना नायक बदलल्याचं पटलं तर छापणार. नाहीतर मालिका बंद.

संकल्प: पहाटे उठून रोज पाच पानं.

५ नोव्हेंबर, पहाटे ५.३०
उठलो. संजना क्लासला निघाली होती. मुलगी बारावीला आहे, पहाटे केमिस्ट्री. जूनमध्ये मी तिचं धावणं बंद केलं, स्पाइक्सचे बूट माळ्यावर टाकले, तेव्हा दोन महिने माझ्याशी बोलत नव्हती. आता बघा. घामाघूम होऊन परत येते. विषय अवघड असणार.
पुन्हा झोपलो.

९ नोव्हेंबर, रविवार
लेखनाला प्रारंभ. मी सांगतो, संजना टाइप करते. मराठी टायपिंग माझ्या प्रकृतीला मानवत नाही.

चौथ्या भागात तेजोनिधीनं बहिणीचे, म्हणजे इओनाचे, पंखांचे बूट काढून घेतले होते. तिच्याच भल्यासाठी. संजनानं विचारलं, बाबा, तो तिची माफी मागेल का? म्हटलं, नायक माफी मागत नाही, क्षमा करतो. ती ‘हं’ म्हणाली आणि टाइप करत राहिली. मी सांगायचा थांबलो होतो तरी बराच वेळ टाइप करत होती. स्पीड कमी झालाय बहुतेक.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
सापडलं! विष्कंभक. संस्कृत नाटकात दोन अंकांच्या मध्ये दोन किरकोळ पात्रं येऊन पडद्यामागे काय घडलं ते सांगून जातात. मी दोन द्वारपाल आणले. पहिला म्हणतो, ऐकलंस का, तेजोनिधी आमूलाग्र बदलला. दुसरा म्हणतो, हो, कालच. झाली ग्रोथ. दीड पान. संजना म्हणाली, बदलताना दाखवायचं नाही का? म्हटलं, काही मर्यादा असतात.

१५ नोव्हेंबर
सुनील म्हणतो, ही बातमी झाली. मी वीस वर्षं पेपरचा वार्ताहर आहे, मग काय ओवी होणार? तरी औदार्यानं दुरुस्ती केली: ‘तेजोनिधी यांचे मतपरिवर्तन झाल्याचे विश्वसनीय सूत्रांकडून समजते.’ सुनीलनं फोन ठेवला. रेंज गेली असावी.

१९ नोव्हेंबर, बुधवार
चांदवडला कांद्याचे लिलाव बंद पडले. बातमीत दिवस गेला. संध्याकाळी तेजोनिधीचा पराभव लिहायला बसलो. तीन वेळा लिहिला. तिन्ही वेळा तोच जिंकला.
नऊ दिवस उरले. पित्त झालंय.
संकल्प: उद्यापासून कडक.

२४ नोव्हेंबर, सोमवार
सुनीलचा फोन. दादा, काल संजनानं फाइल पाठवली. ते माफीचं प्रकरण बायकोला वाचून दाखवलं, तिनं पुन्हा वाचायला लावलं. कोणतं प्रकरण, ते मी विचारलं नाही. पूजाकडून, म्हणजे माझ्या बायकोकडून, फाइल उघडून घेतली.

तेजोनिधी इओनापुढे उभा आहे. म्हणतो, तू धावलीस की मी मागे राहतो, हे मला सहन होत नव्हतं. बूट त्यासाठी घेतले. तुझ्या भल्याचं नुसतं नाव केलं.

दोनदा वाचलं. सांगितल्याचं आठवत नाही. प्रतिभेचं असंच असतं, लेखकाच्याही नकळत वाहते. पूजाला तसं म्हटलं. ती म्हणाली, हो ना, तुमच्या अगदीच नकळत.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
शाळा. चाळीस पोरं, कोपऱ्यात सुनील, शेवटच्या बाकावर संजना. द्वारपालांचं दीड पान वाचलं तेव्हा जांभया. माफीचं प्रकरण लागलं आणि जांभया थांबल्या, पोरं पुढे सरकली. जिंकलो असं वाटलं.

मग पायल नावाची एक मुलगी उठली. सर, त्याला हे आत्ताच कसं काय कळलं? चार भाग काय करत होता?

पाणी प्यायलो. चष्मा पुसला. दशरूपांपासून नवरसांपर्यंत सगळं आठवून पाहिलं, उपयोगाचं काही निघेना. चाळीस जण बघतायत. सुनील बघतोय. पुन्हा पाणी प्यायलो.

मागून संजना उठली. म्हणाली, त्याला अजून कळलेलंच नाहीये. ते मी लिहिलंय. मला कुणीतरी असं म्हणावं असं वाटत होतं, म्हणून.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

बाहेर सुनील म्हणाला, छापतो. नावं दोघांची. मी पार्किंगचं तिकीट शोधत होतो.

२९ नोव्हेंबर, शनिवार
संजना मी उठायच्या आत बाहेर पडली.
संकल्प: माफी. समक्ष. भाषणाचा मसुदा केला: प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप. पूजाला ऐकवला. म्हणाली, पोरगी म्हातारी होईल ऐकता ऐकता. आणि घरी वाट बघू नका, सकाळी ती मैदानावर असते. म्हटलं, सकाळी क्लास असतो. पूजा म्हणाली, कसला क्लास? जुलैपासून धावतेय ती. स्पाइक्स मीच काढून दिले. तुम्ही सोडून अख्ख्या बिल्डिंगला माहितीये.
जेवलो नाही. कुणी आग्रह केला नाही.

३० नोव्हेंबर, रविवार, सकाळी ८
सहाला मैदानावर गेलो. कानटोपी, हातात मसुदा. सात-आठ मुली धावत होत्या. सगळ्यांत पुढे संजना. इतकी पुढे असते हे मला माहीत नव्हतं.

पहिल्या फेरीला ‘संजना, प्रस्तुत प्रसंगी’ एवढं होईपर्यंत ती वळणावर. दुसऱ्या फेरीला प्रस्तावना गाळली. तिसरीला तिन्ही मुद्दे. चौथीला ट्रॅकवर जरा पुढे सरकून नुसतं ‘चुकलं माझं’ म्हणालो. तिला ऐकू गेलं की नाही, कळायला मार्ग नाही. वेग तोच.

पलीकडून त्यांचे कोच गोटीराम सर ओरडले, ओ काका, लेनमधून बाजूला व्हा, पोरी धावतायत!

बाजूला झालो.