फळीपलीकडच्या दादाला, आठव्या अर्जासंबंधी

तीर्थस्वरूप दादास,

फळीच्या अलीकडून धाकट्याचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम. तिकडचं क्षेम विचारायची खरं तर गरज नाही, कारण सकाळपासून तुझा खोकला मी सतरा वेळा ऐकला आहे (औषधाची बाटली तू अर्धीच टाकून देतोस, हे वहिनीने सांगितलं, मी चौकशी केलेली नाही). गुडघ्याचं स्टुलाच्या आवाजावरून कळतं. नऊ फुटांवर बसलेल्या सख्ख्या भावाला पत्र लिहिणारा बाइंडर बहुधा मी पहिलाच. पण गेली तीन वर्षं आपण दुकानाच्या मधोमध घातलेल्या या फळीतल्या खिडकीतून चिठ्ठ्यांवरच धंदा चालवतो आहोत. कापायचं यंत्र तुझ्याकडे, दाबायचं माझ्याकडे आणि चिठ्ठीवर ‘तीन बाजू, पाव इंच’ यापलीकडे अक्षर नाही. आज मजकूर जरा जास्त आहे. कापू नकोस, वाच.

दोन प्रबंधांची भानगड तुझ्या कानावर आलीच असेल (फळी पातळ आहे). विद्यापीठातून तत्त्वज्ञानाचे दोन प्रबंध आले होते, एक वेदान्तातल्या अद्वैतावर आणि एक बौद्धांच्या अद्वयावर. मी चिठ्ठी टाकली, ‘दोन गठ्ठे, एकच माप’. तू दोन्ही एकदम कापून एकावर एक ठेवून परत सरकवलेस आणि मी ते एकाच पुठ्ठ्यात घालून, पाठीवर सोनेरी अक्षरं छापून मोकळा झालो. पानांचे आकडे पाहायला हवे होते, मान्य. पण एका गठ्ठ्याच्या शेवटी अंधारात दोरीला साप समजून घाबरलेला माणूस होता, आणि दुसऱ्याच्या सुरुवातीलाही अंधार, दोरी, साप आणि तोच घाबरट. मला वाटलं, प्रकरण पुढे चालू आहे.

आठवड्याने प्राध्यापकबाई तो ठोकळा काखेत मारून दारात उभ्या. मी चष्मा पुसायला घेतला, म्हणजे ओरडा खाताना समोरचं फार स्पष्ट दिसत नाही. पण बाई ओरडल्या नाहीत. पुढची बारा पानं वाचेपर्यंत आपल्यालाही कळलं नाही म्हणाल्या, आणि तिथेच, खळीच्या डब्याशेजारी बसून, मला विचारलं की तुम्हाला हे दोन्ही एक का वाटलं. दादा, एकतीस वर्षं मी लोकांची पुस्तकं शिवतो आहे. नववीत शाळा सुटली तेव्हापासून पुस्तकाच्या बाहेरच्या बाजूलाच माझा मुक्काम. आत काय आहे याबद्दल माझं मत कोणी विचारलं नव्हतं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. जे सुचलं ते सांगितलं. त्यावर बाई म्हणाल्या, वर्गात या.

आता वर्गाची हकीकत. हा अभ्यासक्रम कुणालाही खुला आहे, शिक्षणाची अट नाही, पण आठ विद्यार्थी नसतील तर विद्यापीठ तो बंद करणार आहे. मग बाईंची जागा जाणार आणि त्यांनी जमवलेली पुस्तकं तळघरात (तिथली ओल मी पाहिली आहे, दोन पावसाळ्यांत शिवण कुजेल). मला धरून आम्ही सात झालो. आमच्यात एक निवृत्त नर्सबाई आहेत, त्या बौद्ध पक्षाच्या. एक टॅक्सीवाले आहेत, ते वेदान्ताचे. ‘मी’ म्हणून कोणी सापडतच नाही असं नर्सबाईंचं म्हणणं, आणि ‘मी’ सोडून दुसरं काही सापडतच नाही असं टॅक्सीवाल्यांचं. मधल्या बाकावर मी बसतो आणि दोघांनाही मान डोलावतो.

काल अर्ज भरायचे होते. छापील अर्जाची सुरुवात अशी, ‘मी, खाली सही करणारा / करणारी’. झालं! नर्सबाईंनी प्रामाणिकपणे ‘मी’वर रेघ मारली आणि सहीच्या जागी एक टिंबही दिलं नाही. टॅक्सीवाल्यांनी ‘मी’ ठेवला आणि बाकीचं सगळं खोडलं, नावासकट, कारण नाव आणि रूप खरं नसतं. उरलेल्या चौघांनी आपापला पक्ष पाहून यांची नक्कल केली. मी एकट्याने नीट भरला, तोही ज्ञानामुळे नव्हे, खोडलेला कागद मला बघवत नाही म्हणून. खिडकीवरच्या कारकूनबाईंनी सात अर्ज चाळले, सहा परत सरकवले आणि शांतपणे सांगितलं, "तुम्ही आहात की नाही ते आधी आपसांत ठरवा, मग रांगेत या."

आम्ही जिन्यात ठरवत बसलो. खिडकी बंद व्हायला वीस मिनिटं उरली, तरी दोन्ही पक्ष हटेनात. नर्सबाईंनी तर, इतकी वर्षं खोटं इंजेक्शन दिलं नाही आणि आता खोटी सही देणार नाही, असं बजावलं. शेवटी प्राध्यापकबाई धावत आल्या. त्यांनी कोणाची समजूत घातली नाही, फक्त एवढंच म्हणाल्या, "दोन्ही परंपरांना व्यवहारातलं सत्य मान्य आहे. खिडकीपुरते तुम्ही आहात. व्यवहारापुरती सही करा." यावर वाद घालण्यासारखं दोघांच्याही पुस्तकात काही नव्हतं. नर्सबाईंनी नवा अर्ज भरला आणि पेन टॅक्सीवाल्यांना दिलं. सात अर्ज आत गेले. कारकूनबाई म्हणाल्या, आठवा उद्या चारपर्यंत चालेल.

तर असं आहे. बाकी काम ठीक. तुझ्या यंत्राचं पातं बोथट झालंय, कडा फाटतात. रागावू नकोस, कापलेले गठ्ठे मीच हाताळतो म्हणून कळतं.

तुझा धाकटा

ता. क. सोबत अर्ज जोडला आहे. नाव, पत्ता, जन्मतारीख मी पेन्सिलीने भरली आहे. ‘मी’वर रेघ मारू नकोस. फक्त सही. मी साडेतीनला निघणार आहे.

ता. क. २. वर्गातला बाक दोघांचा आहे. मी दुसऱ्या अर्ध्यावर पिशवी ठेवून बसतो. वर्ग पहिल्या मजल्यावर आहे, जिन्याला कठडा आहे, गुडघ्याची सबब चालणार नाही. फळीच्या खालच्या चार स्क्रूंचंही सांगून ठेवतो, ते मी काल काढले. वरचे चार तुझ्या बाजूने आहेत.

ता. क. ३. ज्या चाळीस उलट्या पुठ्ठ्यांवरून आपण एकमेकांवर खापर फोडलं आणि ही फळी उभी राहिली, त्यांच्याबद्दल मी प्राध्यापकबाईंना आडून विचारून पाहिलं, की कर्ता असा कोणी नसतोच ना? त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, ही सबब खिडकीवर चालत नाही. तेव्हा दादा, व्यवहारापुरतं सांगतो. ते चाळीसही मीच उलटे चिकटवले होते.