आईच्या चपला, नमुना पहिला

३ मार्च, रविवार.
आजपासून वही. मोठी माणसं वही ठेवतात. शुगरमुळे आईच्या तळव्यांना आता काहीच कळत नाही, असं ताई फोनवर म्हणाली. डॉक्टरांनी बजावलंय, पायाला जखम झाली तर पाय जाईल. मी गाद्यांच्या कारखान्यात फोम कापतो, म्हणजे निम्मं काम झालेलंच आहे. शुगरवाल्यांसाठी मऊ चप्पल काढायची. आधी आई, मग जग.

५ मार्च, सकाळी ६.
डिझाइन डोक्यात तयार. कागदावर उतरत नाही, पेन भिकार आहे. ताई म्हणते, आधी आईला विचार, तिला नक्की काय अडतंय. मी म्हटलं, गिऱ्हाइकाला विचारून कोणी शोध लावतं का? ती म्हणाली, सातवी पास शास्त्रज्ञ, ठेव फोन.

९ मार्च.
तळ कापला. माप आठवणीतून. इथे कामाला आल्यापासून तीन वर्षांत आईला पाहिलं नाही, पण पाय काय वाढतो का या वयात? पट्टा गादीच्या काठाच्या पट्टीचा. मजबूत.

१० मार्च.
चाचणी. माझ्याच खोलीत राहणाऱ्या वेल्डरला घालायला दिल्या. अंगठ्याजवळ काचतं म्हणाला. ज्याला ठिणग्या टोचत नाहीत त्याला पट्टा काचतो म्हणे. जळतो माझ्यावर. पार्सल केलं.

२२ मार्च.
पोचल्या! आईचा फोन. शब्द न् शब्द लिहून ठेवतो: अजिबात काचत नाहीत रे बाळा, पायात आहेत हेच कळत नाही.
चाचणी यशस्वी. दिवसभर घाल म्हटलं. आता नोकरी सोडायची तारीख ठरवायला हवी.

२७ मार्च, दुपारची सुट्टी.
ताईचा फोन. पाय सुजलेले, चप्पल घट्ट, अंगठ्याजवळ फोड. तो फुटून मोजा ओला झाला तेव्हा कुठे दिसला. मी म्हटलं, मग आई बोलली का नाही? ताई म्हणाली, अरे शहाण्या, तिला कळतच नाही, हाच तर आजार आहे. वर मुलाने केल्यात म्हणून गल्लीभर मिरवत राहिली. दोन दिवस.
 जेवण तसंच.

२८ मार्च.
आईला विचारलं, तुला अडतं काय? पहिल्यांदाच विचारलं. ती म्हणाली, वाकता येत नाही, तळवा दिसत नाही, ताई दिवसभर कामावर. कोणी रोज बघितलं तरी पुरे.
यात फोम कुठेच लागत नाही.

३१ मार्च, संध्याकाळी ७.
व्हिडिओ कॉल. आईने फोन टेबलावर टेकवला, पाय समोर स्टुलावर ठेवला. जखम सुकतेय, पाय वाचला, डॉक्टरही तेच म्हणाले. बोटांच्या बेचक्या बघितल्या, टाच बघितली. झालं, ठेव म्हटलं. तर म्हणाली, काय रे, माझं थोबाड बघायचं नाही वाटतं?
बघितलं. बरीच म्हातारी झालीय.
एकूण सात मिनिटं. उद्या परत. यात शोध म्हणण्यासारखं काही नाही.