ताटली निवेपर्यंत

१२ फेब्रुवारी, बुधवार

हर्षलाशी वाजलं आज. दुकानातच, शटर ओढता ओढता.

खालापूरकडच्या एका फार्महाऊसवर रविवारी लग्न आहे. नवरामुलगा ओमकार स्वतः आला होता. सगळ्या घराण्याचा एक फोटो हवाय त्याला, पणजोबांच्या वेळी काढायचे तसा — लाकडी कॅमेरा, काळं फडकं आणि उजेडासाठी पावडरचा भडका. "खराखुरा भडका पायजे काका. कर्जतमधी तुमीच एक उरलात." मी लगेच हो म्हणालो. नाही कोण म्हणेल!

सूनबाईंचं म्हणणं — धुराचं मशीन लावू, वर नेहमीचा फ्लॅश मारू, कोणाला कळतंय? म्हटलं, मला कळतं ना! त्यावर म्हणते, "मामा, ती पावडर म्हणजे फटाक्याची दारूच हाय. तुमच्या दादांच्या भुवया परत उगवल्याच नाय, तुमीच सांगता." फाडफाड बोलते. मला आवडतं ते. जनाला आवडत नाही. बायको म्हणते, सुनेला डोक्यावर बसवलंत.

सहा वर्षं झाली, दुकान हर्षलाच चालवते. लग्नं तिची, अल्बम तिचे. माझ्याकडे पासपोर्टचे फोटो कापायचं काम. म्हणून हा एक फोटो मला हवाय. लिहून टाकतो, इथे कोण बघतंय!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पोशीरच्या शेतात करून पाहिलं. भात निघून शेत मोकळं आहे, आसपास गवत नाही. हर्षला वाळूची बादली, ओलं पोतं सगळं घेऊन आली — राग मनात ठेवत नाही पोरगी. वडलांची, दादांची ताटली माळ्यावरून काढली होती. वीतभर पितळेची, खाली लाकडी मूठ, मुठीला चाप. चाप ओढला की ठिणगी पडते.

चिमूटभर पावडर, हात उंच, तोंड फिरवलेलं. फस्स! पांढरा लोळ वर गेला. पाच मिनिटं डोळ्यांपुढे हिरवं हिरवं. दादा गेल्याला तीस वर्षं झाली, पण तो वास आला आणि मला रडूच कोसळलं. धुराने डोळे चुरचुरले म्हणालो.

कॅमेऱ्यामागे मी असणार, तेव्हा ताटली हर्षलाने धरायची असं ठरलं. दुसरं आहे कोण?

१६ फेब्रुवारी, रविवार

हर्षला पनवेलला दवाखान्यात. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. लिहवत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज लिहायलाच हवं. नाहीतर मीच उद्या वेगळं काहीतरी खरं मानायला लागेन.

संध्याकाळी सातची वेळ. मांडवातले दिवे कमी केले होते. हर्षलाने वरचं कापड तेवढ्या भागापुरतं सोडवून घेतलं होतं, बादल्या ठेवल्या होत्या. नवऱ्याच्या, आमच्या जितेशच्या वर्कशॉपातला चष्माही आणला होता. व्हिडिओवाला म्हणाला, मॅडम चष्मा काढा, जुना काळ वाटत नाय. सगळे हसले. मीही हसलो. तिने काढला.

पन्नासेक माणसं, तीन रांगा. मधोमध खुर्चीत ओमकारची आजी, भागूबाई. मी फडक्यातून डोकं काढलं, झाकण उघडलं, "हं!" म्हणालो. भडका झाला. काय उजेड होता! मांडवभर टाळ्या. कित्येक वर्षांत माझ्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

तेवढ्यात मला वाटलं, म्हातारीने डोळे मिटले.

दादांचा नियम होता — भडका झाला की ताटली पुसायची, पालथा हात लावून बघायचा, गार लागली तरच पुढची पावडर. तोवर ते पान खायचे, पावण्यांशी गप्पा मारायचे. लोक खोळंबायचे, खोळंबू देत. लहानपणापासून शंभरदा ऐकलंय मी हे. हर्षलालाही मीच शिकवलं.

पण पाठीमागे जेवणं वाढायला लागली होती. मागची रांग हलली. पोरं निघाली. एकदा रांगा मोडल्या की माणसं परत उभी राहत नाहीत, हे फोटोवाल्याच्या हाडात असतं. मी ओरडलो, "कोणी हलू नका! हर्षला, भर लगेच."

ती माझ्याकडे बघत क्षणभर थांबली. मला वाटलं, धुराने गोंधळली.

"अगं भर! रांगा मोडतायत!"

तिने पावडरची डबी वाकडी केली. चापाला कोणी हातही लावला नव्हता. तोंड ताटलीवर होतं तिचं.

आवाज मोठा नव्हता. ती ओरडलीसुद्धा नाही. नुसती खाली बसली आणि म्हणाली, "मामा, दिवे लावा."

दिवे लावलेले होते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

हवालदार घरी आले. ओळखीचे. "नामाभाऊ, घाबरू नका. नेमकं झालं काय?"

म्हणालो, पावडर खराब निघाली. आपोआप पेटली.

किती सहज आलं तोंडातून! जना शेजारी उभी होती. तिने पदर डोळ्याला लावला. जितेश म्हणाला, "बाबांचा काय दोष, साहेब? मीच चष्मा काढू नको म्हनून सांगाया पायजे होतं. मी जेवणाकडं होतो." माझा मुलगा माझ्या खोट्याला स्वतःचा खांदा देत होता आणि मी मान खाली घालून चहा पीत होतो. लाज वाटते. वाटायला हवी तेवढी वाटत नाही, त्याची जास्त वाटते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टर म्हणतात, उजव्याची आशा आहे. डाव्याचं पट्टी सुटल्यावर बघू.

जना तिला भात भरवत होती. मी दाराशी. पायांचा आवाज ओळखला तिने. "मामा, पहिला फोटो आला का हो?"

घरी येऊन निगेटिव्ह धुतली. इतके दिवस हात लावला नव्हता. दोरीवर टाकली, भिंग घेतलं.

भागूबाईंचे डोळे उघडे आहेत. टक्क उघडे. फोटो पहिल्याच भडक्यात आला होता. सगळी माणसं आली होती.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दुकान उघडलं नाही. मोबाइल वाजत होता — ओमकारचा. घेतला नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

जितेशला सांगितलं. दवाखान्यातून परत येताना त्याने चौक गावाच्या पुढे बाइक बाजूला घेतली होती, फोन आला म्हणून. त्याचं बोलणं झाल्यावर म्हणालो, पावडर चांगली होती रे. ताटली तापलेली होती. मी भरायला लावली.

त्याने हँडल घट्ट धरलं. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"टाळ्या पडल्या म्हनून ना?" एवढंच म्हणाला.

हो म्हणालो.

मग म्हणाला, "पोलिसांकडं मी येतो तुमच्यासंगती. पन आधी हर्षलाला सांगा. मी नाय सांगनार. तुमीच सांगा." बाइक सुरू केली. 

कसं सांगू तिला? चूक झाली, ठाऊक नव्हतं, एवढं तरी म्हणता आलं असतं तर! ठाऊक असून केलं, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? तिने माझ्यावर विश्वास ठेवला. शिकवणारा म्हणतोय म्हणजे ताटली निवली असणार, असंच वाटलं असणार तिला. बिचारीला काही कल्पनाच नव्हती.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पट्टी सुटली. उजव्या डोळ्याने दिसतं. डाव्याने नुसता उजेड कळतो, माणूस नाही.

जितेश औषधं आणायला खाली गेला तेव्हा सांगून टाकलं. सगळं. ताटली तापलेली होती, मला ठाऊक होतं.

"मला पण ठाऊक होतं, मामा. हात लावून बघितलं होतं मी."

मग बोलली का नाहीस गं?

"एवढ्या माणसांत तुमाला कसं सांगायचं?"